रुग्ण खाटेवरून उतरतो कशासाठी, हे आधी विचारा

एका वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या तीस खाटांच्या मेडिसिन वॉर्डात गेल्या दोन महिन्यांत चार वृद्ध रुग्ण पडले आणि त्यांपैकी एका बाईंचे खुब्याचे हाड मोडले. आता व्यवस्थापन आदेश काढणार आहे की सत्तरीपुढच्या प्रत्येक रुग्णाच्या खाटेचे दोन्ही कठडे सदैव वर ठेवावेत, खाटेवर अलार्म बसवावा आणि परवानगीशिवाय कोणालाही खाली उतरू देऊ नये. याने पडणे थांबेल का, आणि थांबणार नसेल तर काय करावे?

वृद्धांच्या वॉर्डांत तीस वर्षे परिचारिका म्हणून आणि नंतर पर्यवेक्षक म्हणून काम केल्यावर माझे स्पष्ट मत असे आहे की या आदेशाने पडणे थांबणार नाही आणि काही रुग्णांच्या बाबतीत इजा अधिक गंभीर होईल. रुग्ण खाटेवरून उतरतो हीच चूक, असे हा आदेश गृहीत धरतो. मी चौकशी केलेल्या पडण्यांपैकी फारच थोड्यांमध्ये रुग्ण विनाकारण उतरला होता. बहुतेक वेळा त्याला लघवीला किंवा संडासला जायचे होते. उरलेल्यांपैकी कोणाला तहान लागली होती, कोणाचा चष्मा खाली पडला होता, कोणाला उताणे पडून कंबर सहन होत नव्हती, तर कोणाला आपण घरीच आहोत असे वाटत होते आणि दार लावायचे राहिले होते. ही कारणे कठड्याने मिटत नाहीत. उतरण्याची वाट तेवढी अवघड होते.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण त्यात जवळजवळ सगळेच आले आहे. पहाटे चारच्या सुमारास अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर सापडले. दोन्ही कठडे वर होते, म्हणजे नियम पाळला गेला होता. ते कठड्यांच्या मधून सरकत सरकत पायथ्याकडे गेले होते आणि तिथून उतरताना सलाईनच्या नळीत पाय अडकून आडवे झाले होते. मी खाटेपाशी उभी राहून काय कुठे आहे ते पाहिले. बोलावण्याची बेल उशीमागून घसरून भिंतीच्या बाजूला लोंबकळत होती. युरिन पॉट खाटेखाली, तोही पलीकडच्या बाजूला होता. पायांत घरून आणलेले गुळगुळीत तळव्याचे मोजे होते. औषधांच्या तक्त्यावर लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी सातला आणि झोपेची गोळी रात्री दहाला दिल्याची नोंद होती. घटनेच्या अहवालात मात्र ‘रुग्णाने सूचना न पाळता खाटेवरून उतरण्याचा प्रयत्न केला’ एवढे एकच वाक्य होते. मी ते वाक्य खोडायला लावले नाही, पण त्याच्याखाली वरच्या चार गोष्टी लिहायला लावल्या.

कठड्यांचा मुद्दा आधी संपवते. ज्याला आपण कुठे आहोत हे समजते आणि ज्याच्या अंगात उतरण्याची ताकद नाही, त्याला कठड्याची फारशी गरज नसते. ज्याला समजत नाही पण ताकद आहे, तो कठडा ओलांडतो आणि तेवढ्या अधिक उंचीवरून पडतो. गादी आणि कठडा यांच्या फटीत डोके किंवा छाती अडकून रुग्ण दगावल्याच्या घटनाही नोंदल्या गेल्या आहेत. शिवाय रुग्णाच्या इच्छेविरुद्ध त्याला खाटेत ठेवण्यासाठी लावलेला कठडा हे बंधनच असते आणि त्याचा निर्णय एकेका रुग्णापुरता, कारण लिहून घ्यावा लागतो. भूल उतरेपर्यंत, ट्रॉलीवरून नेताना, किंवा कुशीवर वळायला आधार हवा म्हणून रुग्णाने स्वतः मागितला तर कठडा जरूर वापरावा. एरवी खाट सर्वांत खालच्या पातळीवर ठेवून चाकांचे ब्रेक लावलेले असणे अधिक उपयोगाचे ठरते. रुग्ण उठून उभा राहणार असेल तेव्हा मात्र खाट इतकीच उंच हवी, की काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे साधारण काटकोनात राहतील. फार खाली नेलेल्या खाटेवरून उठतानाही म्हातारी माणसे मागे कोलमडतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

अलार्मबद्दलचा पुरावा निराशाजनक आहे. अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या सोळा वॉर्डांमध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अलार्मचा वापर कित्येक पटींनी वाढला, पण पडण्याचे प्रमाण घटले नाही. कारण साधे आहे. रुग्ण उठला हे अलार्म सांगतो, पण तो वाजल्यापासून रुग्ण पडेपर्यंत काही सेकंदच असतात आणि दोनच परिचारिका असलेल्या रात्रपाळीत त्या सेकंदांत कोणी पोहोचत नाही. कूस बदलली तरी वाजणारे अलार्म आठवड्याभरात कोणी ऐकेनासे होते. ऑस्ट्रेलियात सहा रुग्णालयांच्या चोवीस वॉर्डांत सूचनाफलक, खाली नेता येणाऱ्या खाटा, अलार्म, संडासात देखरेख असा सहा उपायांचा संच लावून पाहिला गेला. २०१६ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांत पडण्याच्या किंवा इजेच्या प्रमाणात फरक दिसला नाही. त्यावरून हे उपाय निरुपयोगी ठरतात असे मी म्हणणार नाही. संच तयार ठेवून तो सर्वांना सारखाच लावला की समोरच्या माणसाच्या कारणाशी त्याची गाठ पडत नाही, असा माझा अर्थ आहे.

‘उतरू देऊ नका’ या तिसऱ्या कलमाला माझा सर्वांत जास्त विरोध आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्ध रुग्णांच्या अंगाला हालचाल मोजणारी यंत्रे लावली होती. इस्पितळातील वेळेपैकी सुमारे ८३ टक्के वेळ ते आडवेच होते, आणि त्यांतले बरेच जण चालण्यासारखे होते. २००७ सालच्या दुसऱ्या अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस केवळ खाटेवर ठेवले, तर त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू घटला. तेव्हा पडू नये म्हणून आठ दिवस झोपवून ठेवलेला रुग्ण नवव्या दिवशी घरी जातो आणि घरच्या न्हाणीघरात पडतो. आपल्या नोंदवहीत ते पडणे येत नाही, इतकेच.

जोखीम मोजण्याच्या तक्त्यांविषयीही प्रश्न येईलच, म्हणून सांगते. मॉर्सची मोजपट्टी सर्वाधिक वापरात आहे. तिच्यात पूर्वी पडल्याचा इतिहास, दुसरा आजार, चालण्याचा आधार, सलाईन, चाल आणि स्वतःच्या क्षमतेची जाण अशा सहा बाबींना गुण असतात आणि बेरीज १२५ पर्यंत जाते. ती भरणे चुकीचे नाही, पण वृद्धांच्या वॉर्डात जवळजवळ प्रत्येक जण धोक्याच्या रकान्यात येतो आणि मग सगळ्यांच्याच मनगटावर पिवळी पट्टी दिसू लागते. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा गुणांवरून भाकीत करणे सोडून द्यावे आणि ६५ वर्षांवरील प्रत्येक दाखल रुग्णाला धोका आहे असेच समजून त्याच्या बाबतीत सुधारता येण्याजोग्या गोष्टी शोधाव्यात, अशी भूमिका घेतली. मला ती पटते. गुण ६५ आले की ७५, याने पुढच्या पाळीतील सिस्टर काहीही वेगळे करत नाही. ‘उजव्या बाजूने उतरतो, रात्री दोनदा लघवीला लागते, उभा राहिल्यावर चक्कर येते’ असे हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना, सांगितले, तर ती करते.

आता करायचे काय, याकडे वळते. एकाच गोष्टीसाठी माणूसबळ मिळणार असेल, तर ते संडास-लघवीसाठी वापरा. रुग्णाने बेल वाजवण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी स्वतः जाऊन विचारणे, म्हणजे उठल्यावर, प्रत्येक जेवणानंतर, झोपण्यापूर्वी आणि रात्री त्याच्या नेहमीच्या वेळेच्या थोडे आधी, याने जितका फरक पडलेला मी पाहिला आहे तितका कोणत्याही उपकरणाने पडलेला पाहिला नाही. ही वेळ प्रत्येकाची वेगळी असते, आणि पहिल्या दोन रात्री लिहून ठेवली की कळते. विचारण्याच्या शब्दांनाही महत्त्व आहे. ‘काही हवे आहे का?’ या प्रश्नाला बहुतेक आजोबा ‘नाही’ म्हणतात आणि आपण वळल्यावर उठतात. ‘आजोबा, मी आलेच आहे, चला, जाऊन येऊ’ म्हटले तर येतात. ज्याला तोल नाही त्याला संडासात नेल्यावर दार ओढून बाहेर निघून जाणे हा पडण्याचा हमखास मार्ग आहे. हाताच्या अंतरावर कोणीतरी थांबले पाहिजे. याबद्दल संकोच वाटतो हे खरे आहे, म्हणून पाठ करून उभे राहावे, अंगावर चादर द्यावी आणि तसे आधीच सांगून ठेवावे. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालून हा प्रश्न सुटतो असे ज्यांना वाटते त्यांनी ध्यानात घ्यावे की त्याने संसर्ग वाढतो, गोंधळ वाढतो आणि अडखळायला आणखी एक नळी मिळते. लघवी वाढवणारे औषध सकाळी आणि गरज असल्यास दुपारी उशिरात उशिरा तीन-चारपर्यंत देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. बद्धकोष्ठाची नोंद रोज ठेवा, कारण जुलाबाचे औषध चौथ्या दिवशी एकदम दिले की रुग्णाला घाईने धावावे लागते.

दुसरे काम रक्तदाबाचे, आणि त्याला खर्च नाही. आपल्याकडे रक्तदाब झोपलेल्या अवस्थेत मोजला जातो, पण रुग्ण पडतो तो उभा राहिल्यावर. पाच मिनिटे आडवे ठेवून एकदा, उभे राहिल्यावर पहिल्या मिनिटात दुसऱ्यांदा आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ती नोंद ठळकपणे करून डॉक्टरांना कळवावी. चक्कर येत नाही असे रुग्ण म्हणाला तरी कळवावी, कारण कित्येकांना चक्कर जाणवत नाही, पाय जातात. मागे पाण्याची कमतरता, रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची गोळी, पार्किन्सन किंवा नुसते दीर्घकाळ पडून राहणे असू शकते. तोवर उठण्याची रीत बदलावी. आधी काठावर बसावे, पावले वरखाली हलवावीत, मग आधार धरून उभे राहावे आणि मनात काही अंक मोजल्याशिवाय पहिले पाऊल टाकू नये.

औषधांविषयी परिचारिकेने बोलू नये असा समज अजून शिल्लक आहे. तो सोडून द्या. झोपेच्या गोळ्या, शांत करणारी औषधे, मनोविकारावरील काही औषधे, ओपिऑइड (अफूवर्गीय) वेदनाशामके आणि ॲलर्जीवरची जुनी गुंगी आणणारी औषधे, यांतली दोन किंवा तीन एकाच तक्त्यावर दिसली तर राऊंडमध्ये विचारलेच पाहिजे. अमेरिकेतील एका मोठ्या रुग्णालयाच्या २०१३ सालच्या अभ्यासात झोल्पिडेम ही झोपेची गोळी घेतलेल्या रुग्णांमध्ये पडण्याचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते, तर ते औषध लिहून दिलेले असूनही न घेतलेल्यांमध्ये १ टक्क्याहूनही कमी. त्या अभ्यासाने कार्यकारण सिद्ध होत नाही, पण रात्रीच्या वॉर्डात काम केलेल्या कोणालाही त्याचे आश्चर्य वाटणार नाही. एक सावधगिरी मात्र हवी. वर्षानुवर्षे घेतलेली बेन्झोडायझेपिन गटातील (झोपेची किंवा शांत करणारी) गोळी एका दिवसात तोडली तर रुग्ण बिथरतो, फिट येऊ शकते. ती टप्प्याटप्प्यानेच कमी करावी लागते आणि तो निर्णय डॉक्टरांचा असतो. नवी झोपेची गोळी न सुरू करणे आपल्या हातात अधिक आहे. रात्री दहानंतर मोठे दिवे आणि बोलणे कमी करा, पहाटे चारचा रक्तदाब खरोखर आवश्यक आहे का ते तपासा. निम्म्या गोळ्या तिथेच टळतात.

सर्वांत अवघड गट डिलिरियमच्या, म्हणजे आजारपणात अचानक भान हरपलेल्या, रुग्णांचा, आणि इथे माझे उत्तर पूर्ण समाधानकारक असणार नाही. काल नीट बोलणारा माणूस आज सैरभैर झाला, सलाईन उपटतो, रात्री कपडे गोळा करून निघतो, याला ‘वयामुळे’ म्हणून सोडू नये. हा बहुधा मेंदूबाहेरच्या एखाद्या बिघाडाचा इशारा असतो, जसे जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, दुखणे, सोडियम उतरणे, नवे औषध. याचा दुसरा प्रकार निजलेला, गप्प, जेवण न मागणारा असतो. तो कोणाला त्रास देत नाही म्हणून दिसत नाही, आणि दोन पावले टाकायला गेल्यावर पडतो. रोज सकाळी वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगावे. काल जमले आणि आज सप्टेंबरच्या मागे जाता येत नसेल, तर डॉक्टरांना तेव्हाच बोलावावे. अशा रुग्णाला हात बांधून ठेवल्याने तो अधिक झुंजतो. चष्मा आणि श्रवणयंत्र डब्यात न ठेवता अंगावर असू द्या, दिवसा उजेड आणि खुर्चीत बसणे, ओळखीचा आवाज, अनावश्यक नळ्या काढणे, सिस्टरच्या टेबलावरून दिसेल अशी खाट, आणि जेव्हा चालायचेच असेल तेव्हा सोबत चार फेऱ्या मारणे, हे उपाय वापरा. शेवटचा उपाय वेळखाऊ वाटतो, पण फेऱ्या मारून आलेला रुग्ण तासभर शांत बसतो. तरीही काही रुग्ण पडतील. ज्याला भान नाही आणि ज्याच्याजवळ सतत माणूस बसवता येत नाही, त्याचे प्रत्येक पडणे टाळता येते असे सांगणारा माणूस रात्रपाळीत फारसा राहिलेला नसतो.

याउलट ज्यांना समजते त्यांना समजावून सांगण्याचा उपयोग होतो, आणि इथे पुरावा चांगला आहे. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वैयक्तिक शिक्षणाचा लाभ आकलन शाबूत असलेल्या रुग्णांमध्ये दिसला. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चौदा वॉर्डांमध्ये रुग्ण आणि नातेवाइकांना सोबत घेऊन प्रत्येकाचे स्वतःचे धोके आणि त्यावरचे उपाय खाटेशी लावलेल्या फलकावर लिहिले गेले, तेव्हा पडणे सुमारे १५ टक्क्यांनी आणि इजेसह पडणे सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाले. समजावणे म्हणजे पत्रक हातात देणे नव्हे. ‘तुम्ही रात्री उठलात तर इथे काय होऊ शकते, असे तुम्हाला वाटते?’ हे विचारून त्यांच्या तोंडून ऐकावे. अनेक जण सांगतात, ‘तुम्हाला सारखा कशाला त्रास द्यायचा?’ त्यांना नियम ठाऊक असतो. बेल वाजवायचा संकोच तेवढा असतो. तो एका वाक्याने जातो, पण पहिल्यांदा बेल वाजवल्यावर कपाळावर आठी घेऊन गेलात तर पुन्हा येतो.

जमीन, दिवे आणि पादत्राणे यांबद्दल सगळ्यांना माहीत असते, तेव्हा फार लिहीत नाही. ओली फरशी, वायर, संडासापर्यंत मंद दिवा, पकड असलेले बंद टाचेचे पादत्राण आणि रुग्णाची स्वतःची काठी हाताशी, एवढे पुरे. काठी नेमकी दाखल होताना घरी परत पाठवली जाते. ती परत मागवा.

तरीही कोणी पडलेच तर पहिली चूक होते ती चटकन उचलण्याची. जमिनीवरच शुद्ध, डोके, मान, पाठ, खुबे तपासावेत. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचे हाड मोडले असे समजूनच हलवावे. पहिल्या एक्स-रेमध्ये हा अस्थिभंग कधीकधी दिसत नाही, तेव्हा वजन टाकताना दुखत असेल तर ‘एक्स-रे ठीक आहे’ यावर थांबू नये. डोके आपटले असेल किंवा ते कोणी पाहिलेच नसेल, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना तातडीने तेच पहिले वाक्य सांगावे आणि शुद्धीचे निरीक्षण काही तास चालू ठेवावे. साखरही तपासावी. मग त्याच पाळीत, शक्यतो तासाभरात, खाटेपाशीच पाच मिनिटे उभे राहून रुग्णालाच विचारावे की तो कुठे निघाला होता. दुसऱ्या दिवशी कार्यालयात मागवलेल्या स्पष्टीकरणात हे उत्तर मिळत नाही, कारण तिथे सर्वांना स्वतःची बाजू सांभाळायची असते.

व्यवस्थापनाशी बोलताना आकडा योग्य रीतीने मांडा. तीस खाटांपैकी सरासरी सत्तावीस भरलेल्या असतील, तर साठ दिवसांत १,६२० रुग्णदिवस होतात आणि चार पडणी म्हणजे दर हजार रुग्णदिवसांमागे सुमारे २.५. हाच आकडा दरमहा पाहावा आणि इजेसह पडण्याचा वेगळा ठेवावा. दोष देणे थांबवल्यावर पहिल्या तिमाहीत एकूण आकडा बहुधा वाढतो, कारण आजवर ‘रुग्ण खाली बसला’ म्हणून सोडून दिलेल्या घटना नोंदल्या जाऊ लागतात. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुमचा उपाय तीन महिन्यांत बंद होईल. त्याच कागदावर आणखी एक रकाना वाढवा, दुपारी बाराला किती वृद्ध रुग्ण खाटेबाहेर, खुर्चीत किंवा चालताना दिसले त्याचा. आदेशाचा मसुदा अजून हाती असेल तर त्यातील तिन्ही कलमे काढून एवढेच लिहायला सुचवा: प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही परिचारिकांनी खाटेपाशी जाऊन बेल, पाणी, चष्मा आणि युरिन पॉट रुग्णाच्या उठण्याच्या बाजूला हाताशी आहेत ना ते पाहावे, आणि तो पुढच्या वेळी कधी उठणार आहे ते त्याला विचारून लिहून ठेवावे.